माफी मिळाली, मग भरपाई कशाची?

सोलापुरातल्या एका ख्रिस्ती मंडळीचे निवृत्त पाळक आणि शेजारची लॉची विद्यार्थिनी यांच्यातलं हे बोलणं.

विद्यार्थिनी : काका, राग मानू नका, पण तुमचा धर्म मला फार सोयीचा वाटतो. वाट्टेल ते करावं, देवापुढं रडावं आणि मोकळं व्हावं. आमच्याकडं निदान ‘करावे तसे भरावे’ म्हणतात.

पाळक : राग कसला? ते आमच्याकडंही आहे. बायबलमध्ये गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौलानं पेरणी-कापणीचाच दाखला देऊन बजावलंय, की देवाला फसवता येणार नाही.

विद्यार्थिनी : मग माफी होते ती कशाची?

पाळक : दोषाची. परिणाम राहतात. वधस्तंभावरचा चोर घे. येशूच्या दोन्ही बाजूंना दोन गुन्हेगार खिळलेले होते. त्यातल्या एकानं कबूल केलं की आम्ही भोगतोय ते आमच्या कर्माचं फळ आहे, या माणसानं मात्र काही वाईट केलेलं नाही. येशूनं त्याला त्याच दिवशी सुखलोकात नेण्याचा शब्द दिला. पण खिळे निघाले नाहीत. शिपायांनी त्याचे पाय मोडले आणि तो तिथंच मेला.

विद्यार्थिनी : तो तर मरायलाच टेकला होता. ज्याला पुढं जगायचंय त्याचं काय?

पाळक : त्याच्यासाठी जक्कय आहे. यरीहोचा मुख्य जकातदार, लोकांना लुबाडून गबर झालेला. येशू त्याच्या घरी उतरला, तेव्हा सगळं गाव कुरकुरलं. मग जक्कय उभा राहिला आणि अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो, असं म्हणाला. यातला क्रम बघ. येशूनं घरी यायला आधी चौपटीची अट घातली नव्हती.

विद्यार्थिनी : म्हणजे भरपाई केली म्हणून माफी नाही, माफी मिळाली म्हणून भरपाई.

पाळक : बरोबर. आणि भरपाईचं नावच निघालं नाही, तर माफी आत पोचलीच नाही असं समजायचं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातही कृतीशिवायचा विश्वास निर्जीव म्हटलाय.

विद्यार्थिनी : आणि आईबापांचं पाप मुलांना लागतं का?

पाळक : शिष्यांनी एका जन्मांध माणसाकडं बोट दाखवून हेच विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशूनं दोन्ही नाकारलं. सोलापुरात हा प्रश्न नुसता पुस्तकातला नाही. सेटलमेंट ठाऊक आहे ना?

विद्यार्थिनी : नाव ऐकलंय. गुन्हेगार जमाती कायदा आम्हाला अभ्यासाला होता. 1871 चा.

पाळक : मुंबई इलाख्यात तो आला 1911 च्या कायद्यानं. कैकाडी, पारधी, टकारी, भामटा अशा जमातींत जन्मलेला माणूस गुन्हेगार, मग त्यानं काही केलेलं असो वा नसो. इथं त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं. रोज हजेरी, बाहेर पडायचं तर पास, कामाला गिरणीत. आणि ही वसाहत चालवायला सरकारनं दिली कुणाकडं? अमेरिकन मराठी मिशनकडं. आमच्याच पूर्वजांची मिशन. वस्तीला नाव दिलं उमेदपूर.

विद्यार्थिनी : पण त्यांनी शाळा काढली असेल, हाताला काम दिलं असेल.

पाळक : दिलं. तळमळही खरी होती, ती मी नाकारत नाही. पण जन्मांधाची गोष्ट सांगणारेच तिथं हजेरी घेत होते. जन्मावरून दोष ठरवणारा कायदा त्यांनी केला नाही, राबवला मात्र. याचं मला फार वाईट वाटतं. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा देशभरातून गेला, विमुक्त दिन त्याच तारखेला पाळतात. शिक्का गेला नाही. चोरी झाली की पहिला संशय आमच्यावरच, ही त्या वस्त्यांतली तक्रार आजही ऐकू येते.

विद्यार्थिनी : थांबा काका. वाडवडिलांचं पाप लागत नाही असं तुम्हीच म्हणालात. मग त्या मिशनऱ्यांचं ओझं तुम्ही का घेता?

पाळक : दोष मला लागत नाही. पण त्यांच्या शाळा, दवाखाने, चर्चच्या जागा, लोकांचा विश्वास, हे सगळं आम्ही वारशानं घेतलंच की. तू लॉ शिकतेस. मयताची इस्टेट घेणाऱ्याला त्याचं देणं झटकता येतं का?

विद्यार्थिनी : नाही. मिळालेल्या इस्टेटीपुरतं फेडावं लागतं.

पाळक : मग आमच्या मंडळीनं त्या वस्तीतल्या पोराच्या फीसाठी, जामिनासाठी, जातीच्या दाखल्यासाठी उभं राहावं, तेही धर्मांतराची अपेक्षा न ठेवता. याला मी उपकार म्हणू देत नाही. जक्कयनं चौपट दिलं तेव्हा तो दानधर्म करत नव्हता.

विद्यार्थिनी : आणि उद्या तुमच्याच मंडळीतला एखादा पोरगा मालकाचे पैसे उचलून पकडला गेला, तर?

पाळक : प्रार्थना करीन त्याच्याबरोबर. मग मालकाकडं घेऊन जाईन, पैसे कसे फेडायचे ते ठरवायला.

विद्यार्थिनी : मालक ऐकला नाही आणि केस उभी राहिली तर? कोर्टात त्याच्या बाजूनं बोलाल?

पाळक : बोलीन. पोरगा बदललाय असं मला वाटत असेल तर तसं सांगेन. त्यानं केलंच नाही, असं मात्र माझ्याकडून वदवून घ्यायला येऊ नकोस, त्याची वकील तू असलीस तरी.