जड वाहनाचा ट्रॉली जॅक : निवड आणि वापर

जुन्नर तालुक्यातील आळे गावालगतच्या आळेफाट्यावर पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. माळशेज घाट चढून आलेल्या गाड्या, नारायणगावच्या टोमॅटोच्या गाड्या, आळेफाटा व ओतूरच्या बाजारातून निघणारे कांद्याचे ट्रक, सारे येथूनच जातात. म्हणून फाट्याच्या चारही बाजूंना टायर-पंक्चरची दुकाने आणि गॅरेजे आहेत. अशा गॅरेजांवर आपल्या कितीतरी तरुणांचे घर चालते. या धंद्यात पाना-हातोडीइतकीच रोजची वस्तू म्हणजे जॅक. आणि सर्वात कमी विचार करून विकत घेतली जाणारी वस्तूही तीच.

एका पावसाळ्यात आम्ही महामार्गाच्या कडेला कांद्याने भरलेला दहा टायरी ट्रक पाहिला. मागच्या एक्सलखाली जॅक, जॅकखाली एक चपटा दगड आणि गाडीखाली पालथा पडून काम करणारा एक मुलगा. तो पाना घ्यायला बाहेर आला आणि त्याच वेळी दगड चिखलात कलला, जॅक निसटला, एक्सल खाली आला. मुलगा वाचला, पण अर्धा मिनिट आधी तसे झाले असते तर काय, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही. म्हणून या वेळी हा विषय घेतला आहे.

जॅक वजन कसे उचलतो

हायड्रॉलिक जॅकमध्ये दोन दट्टे असतात, एक लहान आणि एक मोठा. मध्ये तेल असते. लहान दट्ट्यावर दिलेला दाब तेलातून मोठ्या दट्ट्याच्या साऱ्या पृष्ठभागावर तेवढाच पोचतो. समजा लहान दट्ट्याचा व्यास १ सें.मी. आणि मोठ्याचा ५ सें.मी. आहे. मोठ्याचे क्षेत्रफळ २५ पट झाले. दांड्याच्या तरफेने आणखी १६ पट जोर मिळत असेल तर एकूण ४०० पट. म्हणजे हाताने २० किलोचा जोर लावला की घर्षण सोडून ८,००० किलो, अर्थात ८ टन उचलता येतात. त्याची किंमत अशी की दांडा ४० सें.मी. हलवला तेव्हा वजन जेमतेम १ मि.मी. वर जाते.

आता हे ८ टन कशावर टिकतात? रबरी सीलवर आणि तेल परत जाऊ न देणाऱ्या एका लहान पोलादी छऱ्यावर. सील झिजले किंवा छऱ्याखाली कचऱ्याचा कण अडकला की तेल मागे सरते आणि गाडी हळूहळू, कधी एकदम, खाली बसते. जॅक बाहेरून कितीही मजबूत दिसो, आतली ही गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पहिला नियम असा : जॅक उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. धरून ठेवायला स्टँड लागतो.

किती टनाचा घ्यावा

जॅकला संपूर्ण गाडी उचलायची नसते. एक्सल किंवा एक्सलची एक बाजू उचलायची असते. हिशेब त्यावरून करावा. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने वजनाची मर्यादा वाढवली. सहा टायरी ट्रकचे मालासह वजन १६.२ टनांवरून १८.५ टन झाले, दहा टायरीचे २५ वरून २८.५ टन. चार टायरांच्या एका एक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन आणि मागच्या जोड एक्सलची १९ वरून २१ टन झाली. ज्यांनी जॅक त्यापूर्वी घेतला त्यांनी आपला हिशेब पुन्हा तपासावा.

सहा टायरी ट्रकच्या मागच्या एक्सलवर ११.५ टन असतील तर एका बाजूला पावणेसहा टन येतात. येथे ६ टनाचा जॅक कागदावर पुरतो, प्रत्यक्षात पुरत नाही. माल एका बाजूला जास्त भरलेला असतो, गाडी किंचित कललेली असते, कधी मर्यादेपेक्षा जास्त मालही असतो. म्हणून एका बाजूसाठी किमान १० टनाचा जॅक घ्यावा. दोन्ही बाजू एकदम उचलायच्या असतील किंवा दहा टायरी गाड्या नेहमी येत असतील तर २० टनाचा घ्यावा. भरलेल्या गाडीचा माल उतरवता येत असेल तर आधी तो उतरवणे केव्हाही चांगले.

खरेदी करताना

टनाचा आकडा पाहून थांबू नये. जॅक खाली असताना त्याची उंची किती आणि पूर्ण वर गेल्यावर किती, हे दोन्ही विचारावे. टायर बसल्यावर एक्सल खाली येतो. त्या वेळी जॅक आत शिरला पाहिजे. चाके पोलादी व रुंद असावीत. दांडा लांब असावा, म्हणजे पंप मारणारा माणूस गाडीच्या बाहेर राहतो. ट्रॉली जॅकचा मोठा फायदा हाच. बॉटल जॅकचा तळ लहान असतो आणि तो लावायला माणसाला आत वाकावे लागते. तो ट्रकमध्ये सोबत ठेवायला ठीक, गॅरेजात रोजच्या कामाला ट्रॉली जॅक बरा.

जुना जॅक घेताना भुजेवर वेल्डिंगचे डाग आहेत का, तळाशी तेल ओघळले आहे का, हे पाहावे. भरलेल्या गाडीखाली लावून, शेजारी स्टँड ठेवून, दहा मिनिटे थांबावे. जॅक बसू लागला तर घेऊ नये. पक्के बिल घ्यावे. आणि पैसे कमी असतील तर साधा जॅक घ्यावा, पण स्टँडची जोडी सोडू नये. स्टँडवर लिहिलेले टन एकाचे की जोडीचे, हेही विचारावे.

वापरताना

१. जागा सपाट व कठीण हवी. मुरूम, चिखल, उन्हाने मऊ झालेले डांबर यांवर जॅक रुततो. महामार्गाच्या कडेला खाली जाड, रुंद लोखंडी प्लेट टाकावी. दगड किंवा वीट कधीही नको.

२. हँडब्रेक लावावा आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावावी. ज्या गाडीचा हँडब्रेक प्रोपेलर शाफ्टवर चालतो, तिचे मागचे एक चाक उचलले की ब्रेक लावलेला असूनही गाडी सरकू शकते. तेथे उटीच गाडी धरते.

३. नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. उचललेल्या गाडीवर पान्याला झटके देऊ नयेत.

४. जॅक एक्सलखाली, पाट्यांच्या बैठकीजवळ लावावा. इंजिनचा चेंबर, डिफरन्शियलचा तळ, पाइप या जागा टाळाव्यात.

५. ट्रॉली जॅकची भुजा सरळ वर जात नाही, कमानीसारखी जाते. त्यामुळे वजन उचलताना जॅकला चाकांवर थोडे सरकावे लागते. त्याच्या चाकांना दगड लावला किंवा चाके मातीत अडकली तर टोपी एक्सलवरून घसरते. उटी गाडीला लावावी, जॅकला नाही.

६. हवे तेवढे उचलले की लगेच स्टँड लावावा आणि वजन स्टँडवर सोडावे. काढलेले चाक चॅसीखाली आडवे ठेवावे. तो दुसरा आधार होतो. त्यानंतरच कोणी खाली जावे. गाडी नुसत्या जॅकवर असताना कोणाचेही डोके, हात किंवा पाय खाली असता कामा नये.

७. उतरवताना व्हॉल्व्ह हळूहळू सोडावा. आजूबाजूला कोणी नाही, हे मोठ्याने विचारून घ्यावे.

काही सवयी सोडायला हव्यात. दांड्याला पाइप जोडून जोर वाढवणे म्हणजे जॅक लहान पडतो आहे, हे कबूल करणे होय. जास्त वजनाला तेल सोडणारा सुरक्षा व्हॉल्व्ह आवळून बंद करणे त्याहून वाईट. सिमेंटचे ठोकळे आधाराला लावू नयेत. ते वाकत नाहीत, एकदम फुटतात. रिंग जोडणीची डिस्क असेल तर चाक काढण्यापूर्वी हवा पूर्ण सोडावी. जोड टायर असतील तर दोन्हींची.

निगा

जॅकमध्ये हायड्रॉलिक तेलच घालावे. ब्रेक ऑइलने सील फुगून खराब होते आणि इंजिनच्या जळक्या तेलातील कचरा छऱ्याखाली बसतो. पंप मारताना दांडा लिबलिबीत लागला तर आत हवा आहे. व्हॉल्व्ह उघडा ठेवून दहा-पंधरा वेळा पूर्ण पंप मारावा. काम संपल्यावर जॅक पूर्ण खाली उतरवून ठेवावा, चाकांना ग्रीस द्यावे. भुजेला तडा गेला असेल तर वेल्डिंग न करता जॅक भंगारात द्यावा.

शेवटी उस्ताद मंडळींना एक विनंती. शागीर्द तुम्ही सांगता ते कमी आणि तुम्ही करता ते जास्त शिकतो. उस्तादच नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरला तर पोरगाही शिरणार. चौदा वर्षांखालील मुलाला गॅरेजात कामाला ठेवणे कायद्याने बंद आहेच. मोठ्या मुलालाही स्टँड लावायला शिकवल्याशिवाय गाडीखाली पाठवू नये. गिऱ्हाईक घाई करते, बाजाराची वेळ चुकते म्हणून आरडाओरड करते. स्टँड लावायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे गिऱ्हाइकाकडून हक्काने मागून घ्यावीत.