भांगेतला धोतरा

धोतरा ही मिरची, वांगी आणि टोमॅटो यांच्या कुळातील विषारी वनस्पती आहे. जालना जिल्ह्यात ती कोणी पेरत नाही. गायरान, उकिरडा, नाल्याचा काठ आणि पडीक शेताचा बांध इथे ती पावसाळ्यात आपसूक उगवते. पांढरी किंवा जांभळट लांब फुले आणि काटेरी गोल बोंडे यांवरून ती लहान पोरांनाही ओळखता येते. महाशिवरात्रीला तिचे फूल आणि बोंड महादेवाला वाहतात. पूजेतले हे स्थान जुने आहे आणि त्याविषयी इथे काही म्हणायचे नाही. प्रश्न आहे तो बोंड फोडून त्यातल्या बिया भांगेत वाटणाऱ्यांचा.

भांग म्हणजे गांजाच्या झाडाची पाने. महाशिवरात्र आणि धुळवड या दोन दिवशी ती थंडाईत वाटून पिण्याची चाल मराठवाड्यात आहे, आणि वर्षात एरवी कधी नशा न करणारी मुलेही त्या दिवशी पेला हातात घेतात. पाला जुना असला, कमी पडला किंवा ‘कडक’ माल केल्याची शेखी मिरवायची असली, की त्यात धोतऱ्याच्या बिया घातल्या जातात. दूध, साखर, बडीशेप आणि मिरी यांत बियांचा कडवटपणा दबतो. पिणाऱ्याला काही सांगितले जात नाही. वाटणारे याला गंमत म्हणतात. दुसऱ्याच्या पोटात त्याच्या नकळत विष घालणे याला गंमत म्हणणाऱ्या माणसाबद्दल सौम्य शब्द वापरण्याचे काही कारण नाही.

धोतऱ्याचा हा उपयोग आजचा नाही. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या औषधींवरच्या ग्रंथात धोतरा खाऊ घालून धन्याला लुटण्याचे प्रकार नोंदवले आहेत. एकोणिसाव्या शतकात वाटसरूंना जेवणातून धोतरा देऊन लुबाडणाऱ्या टोळ्यांचा बंदोबस्त हे इंग्रज अमलदारांचे एक काम होते, आणि न्यायवैद्यकाच्या भारतीय पाठ्यपुस्तकांत धोतऱ्याची ओळख आजही वाटमारीचे विष अशीच दिली जाते. अमेरिकेत जेम्सटाउन इथे १६७६ साली इंग्रज सैनिकांनी धोतऱ्याची पाने भाजी म्हणून खाल्ली. ते अकरा दिवस वेड्यासारखे वागले आणि शुद्धीवर आल्यावर त्यांना त्यातले काही आठवत नव्हते, असे तिथल्या जुन्या इतिहासात लिहिले आहे. म्हणजे हे विष काय करते ते सर्वांना चारशे वर्षे माहीत आहे. ‘आम्हाला काय ठाऊक’ ही सबब टिकण्यासारखी नाही.

विषाचे घटक तीन: ॲट्रोपिन, हायोसायमिन आणि स्कोपोलामिन. ते झाडाच्या सर्व भागांत असतात, बियांत भरपूर. शरीरात ॲसिटिलकोलिन नावाचे एक रसायन मज्जातंतूंचे निरोप लाळेच्या व घामाच्या ग्रंथी, आतडी, मूत्राशय, हृदय आणि डोळ्यांच्या बाहुल्या यांच्यापर्यंत पोचवते. हे घटक त्या निरोपाची वाट अडवतात. मेंदूत तेच रसायन लक्ष आणि स्मरण सांभाळते. तिथे अडवणूक झाली की भ्रम सुरू होतो. विषाचे प्रमाण झाडागणिक, जमिनीगणिक आणि हंगामागणिक बदलते. एका बोंडातल्या बिया पचल्या म्हणून दुसऱ्या बोंडातल्या पचतील असे नाही, त्यामुळे ‘अंदाजाने घातला होता’ या वाक्याला अर्थच उरत नाही.

एलएसडीसारख्या द्रव्यांनीही भास होतात, पण ते घेणाऱ्या पुष्कळांना आपण नशेत आहोत आणि दिसते ते खरे नाही, याची थोडी तरी जाणीव असते. धोतऱ्यात ती जाणीव जाते. समोर नसलेल्या माणसाशी रुग्ण बोलतो, त्याची उत्तरे ऐकतो, भिंतीवर चालणारे किडे झटकतो, आणि यातले काहीही त्याला विचित्र वाटत नाही. ही तापात बरळणाऱ्या माणसाची अवस्था आहे. तिला नशा म्हटल्यामुळेच उपचाराला उशीर होतो.

लक्षणे साधारण अर्ध्या ते एका तासात दिसू लागतात. आधी तोंड आणि घसा कोरडा पडतो, गिळता येत नाही, आवाज घोगरा होतो. मग चेहरा लाल होतो, कातडी तापते, बाहुल्या मोठ्या होऊन जवळचे धूसर दिसते आणि उजेड सोसत नाही. नाडी जोरात चालते. चाल दारू प्यायल्यासारखी झोकांडते. त्यानंतर बरळणे, उठून पळणे, आणि धोतऱ्याची म्हणून सांगितली जाणारी ती खूण: हाताच्या बोटांनी हवेतले धागे ओढणे, नसलेल्या सुईत दोरा ओवणे, अंगावरचे कपडे चिमटीने कुरतडत राहणे. मात्रा जास्त असेल तर झटके, बेशुद्धी आणि मृत्यू.

प्रस्तुत लेखकाच्या पुतण्याच्या बाबतीत धागे ओढण्यापर्यंतची ही सगळी लक्षणे याच क्रमाने दिसली. धुळवडीच्या दिवशी बदनापूर तालुक्यातील एका शेतावर मित्रांबरोबर तो गेला आणि दुपारी दोघांनी त्याला मोटारसायकलवर मधे बसवून घराच्या फाटकाशी आणून सोडले. काय दिले, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, ‘काही नाही काका, भांगच होती. झोपला की उतरंल.’ मुलाच्या तोंडाला दारूचा वास नव्हता, अंगाला हात लावला तर चटका बसत होता आणि मार्चच्या उन्हात घामाचा थेंब नव्हता. हे घरच्यांनी त्या दोघांना त्याच वेळी दाखवले. त्यांनी पुन्हा तेच उत्तर दिले आणि ते निघून गेले. पेला घेणाऱ्यांतला आपला मित्र तासाभरात ओळख विसरला आहे, हे ज्यांनी पाहिले, वाटताना बोंड फोडलेले ज्यांनी पाहिले, ते थांबले नाहीत; नंतर त्यांनी फोनही उचलले नाहीत. विषापेक्षा हे गप्प राहणे अधिक घातक ठरते, कारण डॉक्टरला हवी असलेली पहिली माहिती नेमकी त्यांच्याचजवळ असते.

पहिल्या खासगी दवाखान्यात ‘जास्त झालीय’ असे सांगून सलाईन लावले गेले, आणि मुलगा हातापायी करू लागल्यावर गुंगीसाठी प्रोमेथाझिनचे इंजेक्शन देण्यात आले. नातेवाइकांनी दारू नाही असे वारंवार सांगूनही कोणी बाहुल्या पाहिल्या नाहीत. प्रोमेथाझिन हे औषध स्वतःच ॲसिटिलकोलिनची वाट अडवते. धोतऱ्याच्या रुग्णात ते विषाला हातभार लावते. रुग्ण शांत झाला नाही. तो नुसता उठू शकेना, आणि पडल्या पडल्या चादरीतून धागे काढत राहिला.

निदान सरकारी दवाखान्यात झाले, तेही एका वयस्कर परिचारिकेमुळे. तिने बॅटरी डोळ्यावर धरली, बाहुली हलली नाही. मग तिने मुलाच्या काखेत हात घातला आणि तो कोरडा बाहेर काढला. ‘ह्याला ॲट्रोपिन चढल्यावाणी झालंय,’ ती म्हणाली, ‘पण ॲट्रोपिन दिलं कुणी?’ या प्रश्नाबरोबर घरच्यांच्या डोक्यात उजेड पडला. कापसाच्या या पट्ट्यात फवारणीच्या औषधाने विषबाधा झालेले रुग्ण सतत येतात. त्यांना ॲट्रोपिन हाच उतारा देतात, आणि त्याची मात्रा जास्त झाली की रुग्ण असाच तापतो, असाच बरळतो. जी अवस्था त्या वॉर्डात वर्षानुवर्षे पाहिलेली होती तीच, उतारा न देता, समोर पडलेली होती. बंद मूत्राशय फुगून ओटीपोट दगडासारखे झाल्याचेही तिथेच लक्षात आले. नळी घातल्यावर निम्मी तडफड थांबली. भ्रमातला रुग्ण दुखते कुठे हे सांगू शकत नाही, म्हणून लघवी शेवटची कधी झाली हे सोबतच्याने आपणहून सांगावे लागते.

फवारणीचे विष आणि धोतरा यांत गल्लत होण्याचे कारण नाही, इतकी दोन्हींची लक्षणे उलट आहेत. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाने बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, तोंडाला लाळ सुटते, अंग घामाने भिजते, जुलाब होतात. धोतऱ्याने बाहुली मोठी, तोंड कोरडे, अंग कोरडे आणि पोट गप्प. दारूत वास येतो आणि अंग सहसा असे तापत नाही. निव्वळ भांगेत डोळे लाल होतात, तोंडही सुकते आणि नाडीही वाढते, त्यामुळे गोंधळ होतो. पण उजेडाला न हलणारी मोठी बाहुली आणि ओळख पार पुसली जाणे ही धोतऱ्याची बाजू समजावी. ऊन लागलेला माणूसही तापतो व बरळतो, म्हणून धुळवडीच्या दुपारी बाहुल्या पाहिल्याशिवाय उष्माघात ठरवू नये.

घरी करण्यासारखे फार थोडे आहे. १०८ ला फोन करावा. रुग्णाला सावलीत, अंधाऱ्या आणि शांत जागी ठेवावे, ओल्या फडक्याने अंग पुसत राहावे. घाम येत नसल्याने उन्हात शरीराचा ताप झपाट्याने वाढतो. लिंबू, ताक, तूप, चिंचेचे पाणी यातले काही पाजू नये, कारण गिळता न येणाऱ्याच्या ते श्वासनलिकेत जाते. उलटी करवू नये. दोरीने बांधून ठेवू नये. धडपडीने ताप चढतो. एकटे तर क्षणभरही सोडू नये. या जिल्ह्यात कठडा नसलेल्या विहिरी आहेत, प्लास्टिक अंथरलेली शेततळी आहेत ज्यांच्या काठावरून शुद्धीतला माणूसही घसरला तर वर येत नाही, आणि भ्रमातला मुलगा पाण्याला रस्ता समजतो. बरोबर जाणाऱ्याने पेला, पातेल्यातला गाळ आणि वाटलेला चोथा पिशवीत घालून न्यावा. धोतऱ्याची बी मिरचीच्या बीसारखी दिसते, पण ती जाड, तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराची आणि खडबडीत असते. मिरचीची बी पातळ, पिवळसर, गुळगुळीत आणि तिखट. चव घेऊन खात्री करण्याचा शहाणपणा कोणी करू नये.

रुग्णालयात आतडी मंदावलेली असल्याने उशिराही सक्रिय कोळशाचा उपयोग होऊ शकतो. बेचैनीसाठी डायझेपाम किंवा लोराझेपाम या गटातली औषधे देतात. फायसोस्टिग्मिन हा खरा उतारा मेंदूपर्यंत पोचतो, पण तो सहज मिळत नाही आणि हृदयाचा आलेख पाहूनच द्यावा लागतो. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषमाहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक डॉक्टर आणि नातेवाईक दोघांसाठी आहे. ‘प्रोमेथाझिन देऊ नका, आधी बाहुल्या पाहा’ एवढे वाक्य नातेवाइकाने न लाजता म्हणावे. डॉक्टर रागावले तरी चालेल.

भ्रम साधारण एकदोन दिवसांत ओसरतो, बाहुल्या मात्र अनेक दिवस मोठ्या राहू शकतात. तेवढे दिवस पुस्तक वाचता येत नाही, उन्हात जाता येत नाही, गाडी चालवू नये. मधल्या काळाची आठवण परत येत नाही. पुतण्याला शेतावरचा पहिला पेला आठवतो आणि त्यानंतर एकदम दवाखान्याचा पंखा. आपल्याला कोणी काय दिले याची साक्ष त्याला स्वतःला देता येत नाही, आणि ज्यांना देता येते त्यांनी ती दिली नाही. वर गावात बोलणे असे पसरले की पोराला व्यसन होते. व्यसन असते तरी विष देण्याचा परवाना कोणाला मिळत नाही.

कायद्याची बाजू कमकुवत नाही. धोतरा १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत नाही, म्हणून तो बाळगणे हा त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही. आयुर्वेदातील औषधांसाठीच्या विषारी द्रव्यांच्या यादीत, म्हणजे औषध नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये, तो आहे. गुन्हा करण्याच्या किंवा इजा करण्याच्या हेतूने, अथवा इजा होण्याचा संभव आहे हे ठाऊक असताना, कोणाला विष किंवा गुंगी आणणारा पदार्थ देणे यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम १२३ खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे; पूर्वी हेच दंडसंहितेचे कलम ३२८ होते. अडचण पुराव्याची असते. विषबाधेचा रुग्ण म्हणून वैद्यकीय-कायदेशीर नोंद पहिल्याच दवाखान्यात करून घ्यावी, पोटातील द्रव आणि लघवी यांचे नमुने मोहोरबंद करून ठेवण्याचा आग्रह धरावा, आणि मुलगा शुद्धीवर येण्याची वाट न पाहता तक्रार द्यावी. ‘दारू जास्त झाली’ असा शेरा एकदा कागदावर पडला की तो पुसायला फार त्रास पडतो. सणाच्या दिवशी सगळ्यांनी मिळून प्यायलेल्या पातेल्याबद्दल नंतर कोणी बोलत नाही, म्हणून पातेले धुतले जाण्याआधी पोलिसांना कळवावे.

बांधावरचा धोतरा फुलावर असताना, बोंड तडकण्यापूर्वी उपटावा. एकेका बोंडात शेकडो बिया असतात आणि त्या जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. उपटताना हातमोजे घालावेत आणि तो हात डोळ्याला लावू नये, नाहीतर त्या एका डोळ्याची बाहुली मोठी होऊन नजर धूसर होते. सोयाबीन काढताना बोंडे मळणीयंत्रात गेली तर बिया धान्यात येतात, तेव्हा तीही आधी वेचून काढावीत. उपटलेली झाडे गुरांपुढे किंवा उकिरड्यावर न टाकता खोल खड्ड्यात पुरावीत.