स्त्री खातेदार आणि गुत्त्याचे काम

आपल्या भागात विहीर, शेततळे, गोठा किंवा राहते घर यांचे काम गुत्त्याने देण्याची जुनी वहिवाट आहे. अलीकडे अशा कामांची मालकी पुष्कळ ठिकाणी स्त्रियांकडे आली आहे. १९८६ सालच्या चांदवड येथील महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने घरच्या लक्ष्मीचे नावे जमीन करून देण्याची चळवळ चालविली. महाराष्ट्रात २२ जून १९९४ रोजी, त्या दिवसापर्यंत लग्न न झालेल्या मुलींस, व २००५ साली साऱ्या देशातील हिंदू कुटुंबांच्या मुलींस वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मिळाला. सातबारावर नाव चढले, परंतु गुत्तेदार अंगणात आला म्हणजे अजूनही प्रथम विचारतो, “मालक कुठे आहेत?” फेरफाराच्या नोंदी लिहिण्यात ज्याची हयात गेली त्यास या प्रश्नाचा विषाद वाटल्यावाचून राहत नाही.

वास्तविक या कामात स्त्रिया नवख्या नाहीत. आपल्याच जिल्ह्यातील औंढा नागनाथाचे देवालय पाहावे. खालचा भाग यादवकालीन कोरीव दगडाचा, व वरचा निराळ्या बांधणीचा आहे. तो अहिल्याबाई होळकरांच्या जीर्णोद्धाराचा होय. बाई १७६७ साली कारभारावर आल्या. परंतु त्यापूर्वीच, १७६५ साली, मल्हाररावांनी तोफखाना पुढे नेऊन दारूगोळ्याची तरतूद करण्याचे काम पत्राने त्यांजवर सोपविले होते. पुढे काशीस १७८० साली विश्वेश्वराचे व गयेस १७८७ साली विष्णुपदाचे मंदिर त्यांनी उभविले. ही स्थळे महेश्वराहून किती दूर! प्रत्येक ठिकाणी जाऊन उभे राहणे शक्य नव्हते. मात्र धर्मकार्याचा खर्च त्या आपल्या खासगीतून करीत, दौलतीच्या तिजोरीतून नव्हे. कोणता पैसा कोणत्या कामाचा, हे आधी ठरलेले असले म्हणजे हिशोब विचारणारास संकोच पडत नाही.

दुसरे उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. ब्रुकलिनच्या झुलत्या पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ साली आजाराने अंथरुणास खिळला. तेव्हापासून १८८३ साली पूल खुला होईपर्यंत त्याची पत्नी एमिली हिने त्याच्या सूचना कामावर पोहोचविल्या व गुत्तेदारांशी बोलणी केली. त्याच कामात १८७८ साली तारेची लबाडी उघडकीस आली. तपासून पास झालेली चांगली तार वाटेत बदलून हलकी तार पुलावर पाठविली जात होती. सुदैवाने दोर मुळातच गरजेच्या सहापट मजबूत धरलेले होते. तरी प्रत्येक दोरात सुमारे दीडशे जादा तारा घालणे भाग पडले. वखारीत दाखविलेल्या सिमेंटवर किंवा सळईवर विसंबणाऱ्यांनी हे ध्यानात धरावे. माल आपल्या दारी उतरतो तेव्हा मोजावा व पाहावा.

आता घरचे पाहू. आमच्या गोरेगावच्या शिवारात एका विधवा बाईंनी हळदीच्या विक्रीचा सारा पैसा घालून विहीर काढविली. व्यास २० फूट, खोली सात परस म्हणजे ४२ फूट, व दर फुटावर ठरला. पहिली कुदळ पडण्यापूर्वीच बाईंनी जवळच्या निंबाच्या बुंध्यावर, गवंडी वापरतात त्या पाणी भरलेल्या नळीने, मूळ जमिनीची पातळी घेऊन रंगाची रेघ ओढून ठेवली व ती करारात लिहविली. काम संपल्याचे सांगून गुत्तेदाराने टेप सोडली ती काठावर पडलेल्या मुरमाच्या ढिगावरून. माप बरोबर ४२ आले. बाई म्हणाल्या, “मामा, टेप त्या रेघेच्या पातळीपासून धरा.” तो म्हणाला, “वहिनी, दिरांना बोलवा. यातलं तुम्हाला काय कळायचं?” “करारावर सही माझी आहे. दीर येतील ते चहाला येतील,” एवढेच उत्तर मिळाले.

गुत्तेदार रागावून निघून गेला. बाईंनी निरोप धाडला नाही, भांडणही केले नाही. तिसरे दिवशी तो परतला. माप ३८ फूट भरले. चार फुटांचा फरक लहान वाटतो, परंतु अशा विहिरीत दर फुटास ३१४ घनफूट, म्हणजे ४ फुटांस साडेबारा ब्रासांहून अधिक खोदाई होते! बाईंनी ३८ फुटांचे देणे त्याच सायंकाळी चुकते केले, एक रुपया कापला नाही. उरलेले चार फूट त्याने आठवड्यात खोदले. मध्यंतरी पावसाने ढासळलेली दरड काढण्याची मजुरी त्याने मागितली. करारात त्याविषयी काही नव्हते, म्हणून ती बाईंनी दिली. मला हा भाग मापापेक्षाही मोलाचा वाटतो.

त्यांच्या करारात एक उणीव होती. मुरूम कोठे संपला व कठीण खडक कोठे लागला हे कोणी ठरवावयाचे, ते लिहिले नव्हते. दोहोंचा दर वेगळा असल्याने निम्मे तंटे येथेच उपजतात. खडक लागताच काम थांबवून उभयतांनी खोली मोजावी व वहीत दोघांच्या सह्या घ्याव्यात. उचल कामाच्या पुढे जाऊ देऊ नये. बांधकाम असेल तर रकमेचा दहावा हिस्सा पहिला पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवण्याची अट आधीच घालावी. पैसा एकाच हाताने द्यावा. मुलाने बाजारात थोडे, भावाने बसस्थानकावर थोडे दिले की पावती कोणाजवळच राहत नाही. विलंबाबद्दल दंड लिहिला तरी तो सर्वच्या सर्व मिळतो असे नाही. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७४ त्या आकड्याच्या आतील वाजवी भरपाईच देवविते. कामाच्या पैशाचा दावा सामान्यतः काम झाल्यापासून तीन वर्षांपर्यंत लागू शकतो. तोवर तरी पावत्या व मापाची वही पेटीत जपून ठेवाव्यात.