कृषिकन्या गावात आली

औंढा नागनाथच्या आसपास आपल्या रानात सोयाबीन, तूर, कापूस, हळद पिकते. पाऊसकाळात अशा गावांत शेतीचे शिक्षण घेणारी मुले येतात. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. तेथील मुलांना शेवटच्या वर्षी काही काळ खेड्यात काम करावे लागते. मुलाला कृषिदूत म्हणतात, मुलीला कृषिकन्या.

पहिल्या दिवशी आपण हसतो. "ही कालची पोर आम्हाला काय शेती शिकवणार?" असे म्हणू नये. पेरणी व्हायची असेल तर विचारावे, "पोरी, आमचं घरचं बी उगवंल का?"

ती पोते भिजवायला सांगेल. सोयाबीनचे १०० दाणे मोजून घ्यावे. चांगले तेवढेच निवडू नयेत. ओल्या पोत्यावर दहा-दहाच्या १० ओळी मांडाव्या. वर दुसरे ओले पोते घालून गुंडाळी करावी. ती सावलीत ठेवावी. रोज पाणी शिंपडावे. सात दिवसांनी चांगले कोंब मोजावे. ७० किंवा जास्त निघाले, तर बी पेरावे. थोडे कमी निघाले, तर एकरी बी वाढवावे. फारच कमी निघाले, तर ते पेरू नये. दुबार पेरणीत बियाणे जाते, मजुरी जाते, हंगामही हातचा जातो.

आपणही तिला शिकवावे. कोणत्या रानात पाणी साचते, वापसा कधी येतो, हे तिला बांधावरच कळेल.

ती नुकती शेतात उतरली. आपण नुकते लिहायला शिकलो. मग कोंबांचा आकडा आपणच आपल्या हाताने वहीत लिहू या.