रिकामे रकाने जपून भर

चि. भाचीस,

तुझी शीट सावकाश पाहिली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाऊन पाहते आणि दूध ओढणं 'नीट', 'कमी' की 'नाही' ते लिहिते. तू या सगळ्या भेटी एकत्र करून काय-वर्ग चाचणी लावलीस, आणि प्रशिक्षण झालेली गावं बाकीच्यांपेक्षा सरस ठरली. त्या निकालावर विसंबू नकोस. शंभर बाळांच्या सहाशे ओळी म्हणजे सहाशे बाळं नव्हेत. तिसऱ्या दिवशी कमी ओढणारं बाळ सातव्या दिवशीही बहुधा कमीच ओढतं. शिवाय एका गावातल्या नोंदी एकाच आशाताईच्या हातच्या.

लिआंग आणि झेगर यांची १९८६ सालची जीईई (जनरलाइज्ड एस्टिमेटिंग इक्वेशन्स) पद्धत बाळाच्या भेटींमधलं हे नातं धरते आणि गटाचं सरासरी उत्तर देते. मिश्र लॉजिस्टिक मॉडेल एकेका बाळाच्या अंगाने बोलतं, म्हणून दोन्हींचे आकडे सारखे येणार नाहीत. तीन पायऱ्यांचा क्रम मोडून 'हो-नाही' मात्र करू नकोस.

तुझी खरी अडचण गावांची आहे. 'सर्च' संस्थेच्या बंग दांपत्याचा गडचिरोलीतला नवजात बाळांचा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यात ३९ गावांत घरगुती काळजी होती आणि तुलनेला ४७ गावं. तुझ्याकडे दोन्ही गट मिळून आठच. एवढ्यावर जीईई आपली अनिश्चितता कमी दाखवते. आधी गावागणिक प्रमाण काढ आणि तीच आठ प्रमाणं ताडून बघ.

आता रिकामे रकाने. पर्लकोटा नदीला पूर आला, भामरागडचा रस्ता तुटला, म्हणून भेट हुकली तर त्यात बाळाच्या तब्येतीचा दोष नाही. आई माहेरी गेली, हे वेगळं. बाळ दगावलं असताना रकाना कोरा ठेवणं तर मला सहनच होत नाही. ती कोरी जागा नव्हे, ती सगळ्यांत मोठी नोंद आहे. तिला स्वतंत्र वर्ग दे. साधी जीईई सगळे कोरे रकाने एकाच मापाने मोजते, आणि अशक्त बाळं गळाली की उरलेला गट उगाच धडधाकट दिसू लागतो.

तेव्हा मॉडेल बाजूला ठेव. आशाताईंना फोन लाव, प्रत्येक कोऱ्या रकान्याचं कारण विचार आणि शेजारी नवा स्तंभ काढून लिही. तो भरला की शीट परत पाठव.

तुझा,
मामा