यकृतकृमी, कच्चे मासे आणि पित्तनलिकेचा कर्करोग

शेळ्यामेंढ्यांच्या यकृतात आढळणारा पानासारखा चपटा कृमी मारेगाव परिसरातील पशुपालकांच्या परिचयाचा आहे. त्याच वर्गातील काही कृमी माशांमार्फत मानवी शरीरात प्रवेश करतात व पित्तनलिकेच्या कर्करोगास कारणीभूत ठरतात. आपले दाते, विश्वस्त व रुग्णांचे कुटुंबीय यांना या विषयाची ओळख व्हावी, हा या लेखाचा हेतू आहे.

या रोगाचे मोठे क्षेत्र म्हणजे थायलंडचा ईशान्य भाग. बाधित माणसाच्या विष्ठेतून कृमीची अंडी तळ्यात व नदीत जातात. तेथील लहान गोगलगायी ती गिळतात. गोगलगायीतून बाहेर पडलेली पिल्ले माशाच्या मांसात ठाण मांडतात. असा मासा कच्चा खाल्ल्यास कृमी पित्तनलिकेत वाढतो व तेथे अनेक वर्षे जगतो. त्या भागात कच्चा मासा बारीक करून, लिंबू व मिरची घालून खाण्याची जुनी प्रथा आहे. लिंबाने मासा शिजल्यासारखा दिसतो, परंतु त्यातील कृमी त्यामुळे खात्रीने मरत नाहीत.

कृमीमुळे पित्तनलिकेस वर्षानुवर्षे सूज राहते, पेशींची झीज व पुनर्निर्मिती अखंड चालते आणि त्यातून कर्करोगाचा संभव वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली या कृमीस कर्करोगकारक ठरविले. चीन व कोरियात आढळणाऱ्या त्याच्या भाईबंदासही २००९ साली त्याच यादीत स्थान मिळाले. प्राझिक्वान्टेल या औषधाने कृमी मरतो, परंतु कच्चा मासा खाणे सुरूच राहिले तर बाधा पुन्हा होते.

महाराष्ट्रालाही अशा चपट्या कृमींचा अनुभव आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी १९५२ साली गाडगीळ व शहा या संशोधकांना शिस्टोसोमा या कृमीची बाधा आढळली. तो माशातून नव्हे, तर पाण्यात उतरलेल्या माणसाच्या त्वचेतून शिरतो. त्यामुळे लघवीतून रक्त जाते. मूत्राशयाच्या कर्करोगाशी निगडित असलेला त्याचा प्रकारही १९९४ सालीच कर्करोगकारक ठरला.

या दोन्ही साखळ्यांत विष्ठा किंवा मूत्र, पाणी, गोगलगाय व माणसाची सवय या कड्या समान आहेत. त्यांपैकी सवयीची कडी तोडणे आपल्या हाती आहे. रोहू व कटला हे त्याच कुळातील मासे होत, ज्यात थायलंडमध्ये हा कृमी वाढतो. आपल्याकडे मात्र ते तळून किंवा रश्श्यात उकळून खाल्ले जातात. ही रीतच आपले संरक्षण आहे, ती सोडू नये. शौचालयाचा वापर हे दुसरे संरक्षण होय.

पित्तनलिकेचा कर्करोग तेथील खड्यांसारख्या अन्य कारणांनीही होतो. पोटात दुखत नसताना डोळे पिवळे होणे, अंगास खाज, गडद लघवी, पांढुरकी शौच व वजन घटणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी कावीळ उतरविण्यासाठी माळ घालण्यात आठवडे दवडू नयेत. रक्ततपासणी व सोनोग्राफी त्वरित करून घ्यावी. हा रोग शस्त्रक्रियेने बरा होण्याची आशा मुख्यतः आरंभीच्या अवस्थेतच असते.