पेरोव्हस्काइट सौरघट : प्रश्न टिकाऊपणाचा

मी कलाशाखेची विद्यार्थिनी. विज्ञानावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. पण आबांच्या एका प्रश्नामुळे ग्रंथालयात बसावे लागले. सिलिकॉनपेक्षा स्वस्तात होऊ शकतील असे नवे सौरघट निघाले आहेत, हे मी त्यांना कौतुकाने सांगितले. आबा शाळेची पायरी चढलेले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "किती पावसाळं टिकंल?"

आबांनी हप्त्याने घेतलेला सौरकंदील दुसऱ्याच पावसाळ्यात बंद पडला होता. तो या जातीचा नव्हता. पण माझा दहावीचा अभ्यास चिमणीवर पुरा झाला, हे ते विसरलेले नाहीत.

पेरोव्हस्काइट हे १८३९ साली उरल पर्वतात सापडलेल्या खनिजाचे नाव. तशीच स्फटिकरचना असलेले पदार्थ द्रावणातून बनवून काचेवर त्यांचा पातळ थर देता येतो. २००९ साली जपानमध्ये मियासाका व त्यांच्या सहकाऱ्यांनी असा सौरघट केला. त्याची कार्यक्षमता ३.८ टक्के होती आणि आतील द्रवात स्फटिक विरघळून तो लवकरच निकामी होई. २०१२ मध्ये द्रवाऐवजी घन थर आला. आज प्रयोगशाळेतील कार्यक्षमता २६ टक्क्यांच्या वर आहे.

मग अडते कोठे? ओलावा, उष्णता, प्राणवायू आणि अतिनील किरण हे या स्फटिकाचे शत्रू. त्यातील मिथिलअमोनियम हा सेंद्रिय घटक उष्णतेने निघून जातो, काळसर थर पिवळा पडतो आणि मागे लेड आयोडाइड उरते. शिवाय स्फटिकातले आयन जागा सोडून सरकत राहतात.

यावर तीन मुख्य उपाय आहेत. पहिला, मिथिलअमोनियमऐवजी फॉर्मामिडिनियम वापरणे. मात्र ते एकटे असल्यास थर पुन्हा पिवळ्या रूपात जातो, म्हणून जोडीला थोडे सिझियम घालतात. दुसरा, ऱ्हास जेथून सुरू होतो ते पृष्ठभागावरील दोष मोठ्या सेंद्रिय रेणूंच्या थराने झाकणे. तिसरा, घट दोन काचांत ठेवून कडा ब्युटाइल रबराने बंद करणे. यामुळे ओल आत जात नाही आणि शिसेही सहसा बाहेर झिरपत नाही.

सौरफलकांच्या एका प्रमाण चाचणीत ८५ अंश सेल्सिअस तापमान व ८५ टक्के आर्द्रता यांत १००० तास काढावे लागतात. म्हणजे जेमतेम बेचाळीस दिवस! सिलिकॉनच्या फलकांना मात्र पंचवीस वर्षांची हमी मिळते. बाहेर तर ऊन-रात्र, थंडी-पाऊस यांचे फेरे रोजचेच.

आबांना वर्षांचा आकडा मला अजून सांगता आलेला नाही. मात्र कार्यक्षमतेचा आकडा वाचला की आता मीही प्रथम त्यांचाच प्रश्न विचारते.